आपली सोसायटी, आपली सभा
(जळगाव ते धुळे : काही वसाहतींची भेट)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी म्हण आहे. पण ज्या समाजाला शतकानुशतके गावाच्या वेशीबाहेरच घर बांधण्याची मुभा होती, त्या समाजाला ही म्हण अपुरी पडते. घर कोठे बांधायचे आणि शेजार कोणाचा असावा, हे ठरविण्याचा हक्कच त्याच्याकडे नव्हता. भाड्याच्या घराचीही तीच गत. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना, आणि पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. आजही शहरात खोली पाहायला गेले की काही घरमालक भाडे सांगण्याआधी आडनाव विचारतात.

या प्रश्नावर आपल्या मागच्या पिढीने एक साधे उत्तर शोधले. काही कुटुंबांनी एकत्र यायचे, सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवायची, जागा मिळवायची आणि आडनाव न विचारणारे घर स्वतःच उभे करायचे. हिशेबाच्या टेबलावर नोकरी करीत असल्याने अशा संस्थांची दप्तरे पाहून देण्याचे काम माझ्याकडे नेहमी येते. ३१ जुलैला लळिंगला जायचे होतेच. म्हणून दोन दिवस आधी निघालो आणि जळगाव व धुळ्याच्या काही वसाहती पाहून घेतल्या.

पिंप्राळ्याकडील घरे

जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला गेलो. एका छोट्या सोसायटीत बैठ्या घरांच्या दोन रांगा, मध्ये रस्ता, टोकाला पिंपळाचे झाड आणि त्याखाली पंचशील ध्वज. घरे बांधणारे बहुतेक रेल्वेतले, एस.टी.तले, आयुध निर्माणीतले आणि शाळेतले. पगारातून हप्ता कापून घेऊन त्यांनी भिंती उभ्या केल्या. आता तेथे नातवंडे अभ्यास करतात.

एका घरी कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. घरातील आजींनी भाड्याच्या किती खोल्या बदलल्या ते बोटांवर मोजून दाखविले आणि शेवटी म्हणाल्या, "आते हाई आमनं घर शे." एवढ्या एका वाक्यात सोसायटीचे सारे आकर्षण आले.

जुन्या मुंबई राज्याने स्वातंत्र्यानंतर मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थांना जागा व अर्थसहाय्य देण्याची योजना काढली. 'पी.डब्ल्यू.आर. २१९' या नावाने ती ओळखली जाते. राज्यातील अनेक वसाहती तिच्यातून उभ्या राहिल्या. अशा शासकीय जमिनीवरील घर विकताना वा हस्तांतरित करताना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. साध्या मुद्रांकावर 'आपसात' व्यवहार करणाऱ्यांनी हे विसरू नये.

याच जळगावने घरांचा दुसरा मार्गही पाहिला आहे. १९९० च्या दशकात नगरपालिकेने गरिबांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुलांची योजना आखली. प्रत्यक्षात दीड हजारांच्या आसपासच घरे पूर्ण झाली. त्यातील गैरव्यवहाराच्या खटल्यात २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. पुढे अपिलेही झाली. कोर्टाचे काम कोर्टात चालेल. आपण एवढे ध्यानात घ्यावे की, ज्या घराच्या हिशेबावर राहणाऱ्याची नजर नसते, त्या घराची वाट पाहण्यातच आयुष्य जाते. सहकारी संस्थेत हिशेब आपल्यासमोर येतो. तो पाहायचा की नाही, हे आपल्या हातात असते.

धुळ्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला निघालो. बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला की पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावे मागे पडतात. दोन्ही बाजूंना कपाशी. प्रत्येक गावाच्या कडेला आपली वस्ती दिसते. निळी कमान, बाबासाहेबांचा पुतळा, समाजमंदिर. या वस्त्यांतूनच धुळ्याच्या न्यू प्रताप मिलसारख्या गिरण्यांत आपली माणसे कामाला गेली. गिरण्यांचे दिवस गेले, पण शहरात पाय रोवून राहायची जिद्द राहिली.

पांझरा ओलांडून देवपुरात गेलो. तेथील एका संस्थेच्या कार्यकारिणीने दप्तर पाहायला बोलाविले होते. घरे मजबूत, पण दप्तर खिळखिळे. कित्येक वर्षांत वार्षिक सभा झालेली नव्हती. मूळ सभासदांपैकी अनेकजण वारले, पण वारसांची नावे लागलेली नाहीत. भागपत्रे कोणाच्या तरी कपाटात. एका विधवा ताईंच्या घरावर दिराने हक्क सांगितला होता, कारण पतीने नामनिर्देशन केलेले नव्हते.

संध्याकाळी पिंपळाखाली सभा भरली. ताई प्रथम बोलायला तयार नव्हत्या. शेजारच्या बायांनी धीर दिला तेव्हा उभ्या राहिल्या आणि हप्ते भरल्याच्या पावत्या एकेक करून दाखविल्या. दीरही तेथेच बसला होता. बराच वेळ वाद झाला. अखेर वारसाची कागदपत्रे घेऊन ताईंचा अर्ज पुढच्या सभेत निकाली काढायचे ठरले, आणि दिराने त्यावर सही केली. कोर्टात जी गोष्ट दहा वर्षे रखडली असती, ती मार्गी लागायला एक संध्याकाळ पुरली.

भिक्खू संघाची सभा

घरी परतताना मनात आले, ही सभा आपल्याला नवीन आहे काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, बौद्ध भिक्खू संघाला सभेचे नियम ठाऊक होते. आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे तेथे होते. महापरिनिब्बान सुत्तात तथागत वज्जींविषयी सांगतात की, जोवर ते वारंवार एकत्र जमतील, एकोप्याने बसतील आणि एकोप्याने उठतील, तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही. जळगावपासून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या विहारांतही तीच रचना आहे. तीन बाजूंना लहान खोल्या आणि मध्ये सर्वांचा सभामंडप. खोली ज्याची त्याची, मंडप सर्वांचा.

सोसायटीही तशीच आहे. सभासद प्राचार्य असो वा सफाई कामगार, मत एकच. गावाच्या चावडीवर ज्याच्या आजोबाला बसता येत नव्हते, तो येथे ठराव मांडतो.

काहीजण विचारतात, आपल्याच लोकांची वसाहत म्हणजे पुन्हा वेगळा वाडा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वतांनी आपली सोसायटी काढली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. म्हणजे आपापले दार लावून घेण्याची रीत जुनी आहे. आपण मात्र त्या वाटेने जाऊ नये. दुसऱ्याने वेशीबाहेर ठेवणे वेगळे आणि आपण मिळून राहणे वेगळे. ज्याला आडनावामुळे घर नाकारले गेले, त्याने दुसऱ्याला त्याच कारणाने नाकारले तर समता कोठे राहिली?

एवढे करावे

१९३७ साली ३१ जुलैला बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दरवर्षी त्या दिवशी तेथे हजारो माणसे जमतात. यंदाही गर्दी मोठी होती. तेथे भेटलेल्या सोसायट्यांच्या कार्यकर्त्यांना जे सांगितले, तेच वाचकांना सांगतो. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्या. लेखापरीक्षणाचा अहवाल सभेत वाचून दाखवा. प्रत्येक सभासदाने नामनिर्देशन करावे, मात्र त्यामुळे इतर वारसांचा हक्क संपत नाही हेही समजून घ्यावे. घर पती-पत्नी दोघांच्या नावे असावे. मोकळ्या जागेत विहार बांधायचा तर आधी रीतसर मंजुरी घ्यावी. आणि सभेत बायांना पुढच्या रांगेत बसवावे, कारण घर कोणामुळे टिकते हे आपण सर्व जाणतो.

भिंती एकदा उभ्या राहिल्या की वर्षानुवर्षे टिकतात. संस्था मात्र दरवर्षी उभी करावी लागते.