रांगेचा न्याय

रांगेत तिष्ठणे आम्हां सुपेकरांस नवे नाही. काळी नदीवरील धरणाच्या पाण्यात जुने सुपा गाव गेले, तालुक्याची कचेरी जोयड्यास आली आणि एका दाखल्यासाठी दिवसभर ताटकळणारी माणसे आम्ही नित्य पाहत आलो. परंतु यंत्रापुढेही रांग असते, हे आम्हांस गेल्या उन्हाळ्यात पुण्यास कळले.

आमचा एक जुना विद्यार्थी तेथील आयसर या विज्ञानसंस्थेत संशोधन करतो. तेथे 2019 मध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसविण्यात आला. 1964 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी 3600 हे यंत्र आले, तेव्हा शास्त्रज्ञ छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचे गठ्ठे देऊन उत्तराची वाट पाहत. आता गठ्ठे गेले, रांग राहिली. ती ‘स्लर्म’ नावाची प्रणाली सांभाळते. विद्यार्थ्याने ‘एसक्यू’ अशी आज्ञा देताच पडद्यावर यादी उमटली. चालू कामांपुढे ‘आर’, थांबलेल्यांपुढे ‘पीडी’. त्याचे काम दोन दिवस थांबलेले होते.

“साहेबांना सांगून पुढे घेता येत नाही का?” आम्ही विचारले.

“येते, सर. व्यवस्थापकांना तो अधिकार असतो. पण एकाला पुढे घेतले की दुसरा मागे जातो.”

मग त्याने नियम सांगितले. काम देताना किती यंत्रभाग व किती वेळ हवा, हे आधी कळवावे लागते. वेळ कमी सांगितला तर काम अर्ध्यावर तोडले जाते. उगाच वाढवून सांगितला तर पाळी लांबते. ज्याने नुकताच पुष्कळ वापर केला, तो मागे सरकतो. जो वाट पाहतो, त्याचा हक्क वाढत जातो. मोठ्या कामासाठी जागा मोकळी होईपर्यंत एखादे छोटे काम मधल्या फटीत उरकून घेतात, मात्र मोठ्यास विलंब होणार नसेल तरच. आणि थांबलेल्या प्रत्येक कामापुढे थांबण्याचे कारण लिहिलेले असते.

हे ऐकताना आम्हांस एक जून महिना आठवला. जलाशयापलीकडच्या वाडीतला एक बाप मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी सकाळपासून आमच्या दाराशी बसला होता. इतक्यात एक वजनदार गृहस्थ आले. त्यांची कागदपत्रे पाहण्यात दुपार सरली. त्या बापाचे काम पाच मिनिटांचे होते. केवळ आमची सही हवी होती. सही मिळाली तेव्हा शेवटची बस निघून गेली होती. तो स्थानकावरच निजला. सकाळी आम्ही त्यास पाहिले, तेव्हा त्याने उलट आम्हांसच नमस्कार केला. का थांबावे लागले, हे त्याने विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही.

पुण्याहून परतल्यावर आम्ही कार्यालयाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. येणाऱ्याचे नाव, काम, आल्याची वेळ आणि थांबावे लागल्यास त्याचे कारण. शेवटचा रकाना आम्ही स्वतः भरतो. तो भरताना कित्येकदा लेखणी अडते. कारण लिहिण्याजोगे नसते. तेव्हा आम्ही वही मिटतो आणि त्या माणसास आत बोलावतो.