संविधानिक नैतिकता आणि आमचा कबड्डी संघ

गेल्या जुलैत पावसाने मला चार दिवस हातखंब्याला अडकवून ठेवलं. तिठ्यावर गाड्यांची रांग, महामार्गाचा चिखल, घरात ओल्या कपड्यांचा वास. भावाची मुलगी रत्नागिरीला कॉलेजात आहे. ती म्हणाली, "काका, तू नुसती भाषणं ऐकतोस. हे बघ जरा." आणि तिने मोबाइल माझ्या हातात दिला. 'युरी ऑन आइस' नावाची जपानी ॲनिमे मालिका. 2016 सालची, बाराच भाग. दिग्दर्शन सायो यामामोतो यांचं, कथेत मित्सुरो कुबो यांचा हात, दोघीही बाया. कार्टून बघायचं वय नाही माझं, पण दोन रात्रींत संपवली.

गोष्ट साधी आहे. युरी कात्सुकी हा तेवीस वर्षांचा स्केटिंगपटू मोठ्या स्पर्धेत शेवटचा येतो आणि तोंड लपवून गावी परततो. गाव समुद्राकाठचं, घरच्यांचं गरम पाण्याच्या झऱ्यावरचं विश्रामगृह. त्याचा आदर्श असलेला रशियन विजेता व्हिक्टर एक दिवस दारात येतो आणि म्हणतो, मी तुझा प्रशिक्षक. पुढे दोघांचं प्रेम जमतं. चौथ्या भागात समुद्रकिनाऱ्यावर व्हिक्टर त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी कोण होऊ? वडील, भाऊ, मित्र, की प्रियकर? युरी सांगतो, तू जो आहेस तोच राहा. मला हे फार आवडलं. मोठा माणूस लहानाला विचारतो आहे, लादत नाही. आपल्याकडच्या किती प्रेमकथांत हे विचारणं असतं? बहुतेक सिनेमांत तर पाठलागालाच प्रेम म्हणतात.

आणखी एक गोष्ट. या दोघांना कोणी हसत नाही. आईवडील घराबाहेर काढत नाहीत, संघटना चौकशी लावत नाही. सातव्या भागातलं चुंबन हाताआड झाकलंय, ही कुचराई मी मोजतो. दहाव्या भागात बार्सिलोनात दोघे अंगठ्या घालतात. शेवटी युरीला सुवर्ण नाही, रौप्य मिळतं आणि तरी कोणाचं काही बिघडत नाही. एका कार्यकर्त्या मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "हे सगळं स्वप्नरंजन. जपानमध्ये तरी असं लग्न कायदेशीर आहे का?" नाही. पण संत रविदासांनी बेगमपुरा सांगितला तेव्हा ते शहर कुठल्या नकाशावर होतं? दुःख नसलेली जागा आधी कोणीतरी डोळ्यांपुढे आणावी लागते.

मला मात्र स्वप्न नाही, आमचं इतिवृत्त आठवत होतं.

2011 साली वाडीच्या मंडळाचा मी चिटणीस होतो. जयंतीच्या कबड्डी स्पर्धेत आमचा एक चढाईपटू होता. बोनसला त्याचा पाय असा जायचा की समोरचा कोपरा नुसता बघत राहायचा. दोन वर्षं ढाल आमच्याकडे त्याच्यामुळे होती. मग कोणीतरी त्याचा मोबाइल उघडला. त्यात एका मुलाला लिहिलेले मेसेज होते. रात्री बैठक बसली. मारहाण झाली नाही, आम्ही सुशिक्षित ना! "पोरं याच्याबरोबर आंघोळीला कशी जाणार?" असं एकाने विचारलं आणि कोणीच त्याला गप्प केलं नाही. मीही नाही. पुस्तकात मी लिहिलं, 'वैयक्तिक कारणास्तव संघातून मुक्त करण्यात येत आहे.' शब्द माझेच. मुक्त! पाठीमागे बाबासाहेबांची तसबीर होती.

पळवणकर बाळूंची गोष्ट मी शिबिरांतून कितीदा सांगितली आहे. पुण्यात त्यांची फिरकी सगळ्यांना हवी होती, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. आम्हालाही त्या पोराने आणलेले गुण हवे होते, तो नको होता. भांडं तेवढं वेगळं.

"हे उच्चवर्णीयांचे चोचले, आपला प्रश्न जातीचा," हे वाक्य चळवळीत अजून ऐकू येतं. म्हणणाऱ्यांनी 1934 कडे बघावं. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले होते, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही होते आणि कर्व्यांनी उत्तरं छापली होती. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभं कोण राहिलं? बाबासाहेब. महाड आणि काळाराम मंदिराचे सत्याग्रह करून, गोलमेज परिषदेला जाऊन आलेला माणूस, ज्याला कामाची काही कमतरता नव्हती. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, ही त्यांची बाजू होती. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हा इतिहास आपल्या जयंतीच्या भाषणांत का येत नाही, याचं उत्तर मला माहीत आहे. तो आला तर त्या रात्रीची बैठकही येईल.

4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेब संविधानिक नैतिकतेवर बोलले. ती आपोआप येत नाही, जोपासावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, तेव्हा निकालात हीच संकल्पना आधाराला होती. त्या दिवशी मी अभिमानाने स्टेटस ठेवलं. त्याला फोन केला नाही. नंबर होता.

तो आता मुंबईत असतो. शिमग्याला नाही, जयंतीलाही येत नाही. त्याची आई एकटी तिठ्यावर गाडीची वाट बघताना दिसते आणि मी हटकून दुसरीकडे बघतो.

पुतणीला हे सगळं सांगितलं. तिला वाटलं असेल, काका हिरो आहे. तो समज गेला. तिने एवढंच विचारलं, "मग तो खेळतो का अजून?" मला सांगता आलं नाही.

ऑगस्टमध्ये मी त्याला लिहिलं. माफी मागितली, कारणं दिली नाहीत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "जयभीम. वाचलं. आईला एस.टी.ला बसवून देत जा." तेवढं करतोय. मंडळाच्या पुढच्या बैठकीला विषय दिला आहे: 2011 चा ठराव चुकीचा होता, तो रद्द करावा आणि खरं कारण इतिवृत्तात लिहावं. सात सभासदांपैकी दोघं माझ्या बाजूने आहेत. एकाने विचारलंय, जुनं उकरून काय मिळणार?