पांढऱ्याच्या आसपास

विंचूरच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी यंदा रंगकाम निघालं आणि शेडकार्डावरच्या ऑफ-व्हाइटांनी घरात दोन तट पाडले. सुनेला राखाडीकडे झुकणारा हवा, बाईंना सायीसारखा. रंगाऱ्याच्या लेखी दोन्ही पांढरेच. बाईंच्या आयुष्यात भिंतीचा रंग निवडायची वेळच मुळी फार उशिरा आली. तोवर जो मिळेल तो भिंतीला लागायचा.

त्यांच्या लहानपणी भिंत मातीची आणि तिच्यावरचा हातही मातीचाच. दिवाळीआधी आई पांढरी माती कालवायची आणि जुन्या लुगड्याचं पोतेरं बुडवून भिंतीवर फिरवायची. वाळल्यावर रंग थोडा पिवळट, थोडा राखाडी दिसे. चुलीशेजारी त्याचं रूप आणखी वेगळं. शेजारच्या घरातही हाच रंग, कारण माती सगळे एकाच ठिकाणाहून आणत.

पुढे वडिलांनी द्राक्षबाग लावली. निफाड तालुक्यात बाग म्हटली की बोर्डो मिश्रण आलंच. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. फवारणीसाठी आणलेल्या त्या चुन्यातला थोडा दिवाळीला भिंतीवर चढू लागला. कळीचे खडे पिंपात पडले की पाणी खदखदायला लागे, तेव्हा पोरांना लांब पिटाळत. रात्रभर मुरलेला चुना सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची. नीळ चुन्याचा पिवळेपणा मारते. जास्त पडली तर भिंतच निळी होते. म्हणून आजी आधी एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायची, उन्हात धरून वाळू द्यायची आणि मगच हो म्हणायची. ओला चुना फसवतो. भिंतीवर तो आधी मळकट दिसतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट होत गेला की उजळतो.

सासरी सिमेंटचं घर होतं आणि भिंतींना डिस्टेंपर. रंगाच्या दुकानाच्या पाटीवर आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू, हातात ब्रश आणि डबा घेऊन. घरात क्रीम, शाळेत क्रीम, दवाखान्यातही क्रीम. मुलांच्या हातांचे डाग त्यावर फारसे उठून दिसत नाहीत, एवढं कारण पुरे असायचं.

आता दुकानात यंत्र आलंय. पांढऱ्या बेसमध्ये पिवळं, काळं, तांबडं रंगद्रव्य अगदी बारीक मापाने पडतं. दोन शेडमध्ये फरक असतो तो कधीकधी काही थेंबांचा. बोटभर कार्डावर तो जाणवत नाही, चारही भिंती एकमेकींवर उजेड टाकू लागल्या की जाणवतो. तोवर डबे घरात आलेले असतात आणि यंत्रावर कालवलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोबेलँ विणशाळेत अशीच तक्रार आली होती, की काळा धागा फिका दिसतो. रंगविभागाचा प्रमुख मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ. त्याने धागा तपासला, तर रंग पक्का निघाला. त्याला फिकं पाडत होते ते शेजारचे निळे-जांभळे धागे. शेजारामुळे रंग कसा बदलतो, यावर त्याने १८३९ साली एक जाडजूड ग्रंथच लिहिला.

बाईंच्या पुढच्या खोलीचा शेजार म्हणजे अंगणापलीकडच्या कांद्यावरची निळी ताडपत्री. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार गावातच, त्यामुळे हंगामात असल्या ताडपत्र्यांना तोटा नाही. त्यात खोली उत्तरेची. तिथे थेट ऊन नाही, नुसता आभाळाचा निळसर उजेड.

“दादा, सगळे डबे नकोत. एकेक लिटर आणा आणि दोन-दोन फुटांचे चौकोन करून दोन हात मारा,” बाईंनी रंगाऱ्याला सांगितलं. चौकोन वाळले. बाईंनी वहीचा कोरा कागद शेजारी धरला, तेव्हा एकातली हिरवट आणि दुसऱ्यातली गुलाबी झाक लगेच वर आली. सकाळी, दुपारी आणि ट्यूबलाइट लावून पाहणी झाली.

“आई, माझा तर निळाच दिसतोय,” सून म्हणाली. पुढच्या खोलीत राखाडी खरोखरच गारठला होता. निफाडच्या थंडीत तो कोणाला सोसला असता? स्वयंपाकघरात मात्र बाई हरल्या. तिथली खिडकी पश्चिमेची, संध्याकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत येतं, आणि त्या उन्हात त्यांचा सायीचा रंग पिवळाधमक झाला.

शेवटी अदलाबदल ठरली. पुढच्या खोलीला बाईंचा रंग, स्वयंपाकघराला सुनेचा. दोन्हींच्या मधल्या बोळीवर मात्र अजून एकमत नाही. रंगारी म्हणतो, “ज्याचा डबा उरेल, त्याचा मारू.”