झोपलंय की मेलंय

गेल्या काही वर्षांत माझ्या बोटांच्या टोकांतली जाण हळूहळू गेली. साखरेचा आजार जुना आहे. आधी पाय बधिर झाले. त्याचं फारसं काही वाटलं नाही, पायांनी मी कधी काही ओळखत नव्हतो. मग बधिरपण हातांत आलं. अजूनही पिशव्या भरता येतात, कलमाची पट्टी बांधता येते, सुतळीची गाठ मारता येते. फक्त डोळे सोबत लागतात. एकच काम डोळ्यांनी होत नाही आणि नेमकं तेच माझं काम आहे: पानं झडलेल्या गोरखचिंचेच्या रोपाचा गळा दाबून ते झोपलंय की मेलंय हे सांगणं.

बी कसं तासायचं, किती कढत पाण्यात ठेवायचं, यावर मी बोलत नाही. रोपवाटिकेत एक उन्हाळा काढलेल्या कुणालाही ते येतं. लोक उगवणीचा उगाच बाऊ करतात. बी एकदा फुटलं की पहिल्या पावसाळ्यात रोप हां हां म्हणता गुडघ्याला लागतं. पहिली पानं एकेरी असतात, हाताच्या पंजासारखी पाच पात्यांची पानं नंतर येतात, आणि हे ठाऊक नसलेला माणूस बियाणं चुकीचं दिलं म्हणून भांडायला येतो. तेही निभावतं. खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू होते. पानं पिवळी पडून गळतात आणि पिशवीत एक काडी उरते. मे उतरेपर्यंत ती तशीच. जमिनीवर सांगण्यासारखं काही नसतं, जे काही चाललेलं असतं ते खाली, फुगलेल्या सोटमुळात.

आमच्याकडे शहादा-तळोद्याकडचा बागाईतदार लिंबाला, डाळिंबाला ताण देतो. पाणी तोडायचं, झाड उपाशी ठेवायचं, मग सोडायचं. त्याला ताण कळतो, कारण झाड पानांतून बोलतं. गोरखचिंचेला पानंच नसतात. पाणी जास्त झालं तर मूळ कुजतं. अगदीच तोडलं तर लहान रोपाचं मूळ सुकतं, कारण मोठ्या झाडासारखा साठा त्याच्याजवळ नसतो. दोन्हीकडे रोप सैल पडतं, आणि माझ्या अख्ख्या धंद्याची गोम इथं आहे. तहानेचा सैलपणा आणि कुजण्याचा सैलपणा बोटाला जवळजवळ सारखाच लागतो. इलाज मात्र एकदम उलटे. एकाला पाणी पाहिजे, दुसऱ्याला त्याच क्षणी कोरडं करून, माती झटकून, सावलीत आडवं ठेवायला पाहिजे. चुकीच्या रोपाला वाटीभर पाणी दिलं की चार दिवसांत काम तमाम.

जवळजवळ सारखाच म्हणालो. त्या 'जवळजवळ'वर मी पोट भरलं. तहानलेलं मूळ सगळीकडून सारखं दबतं, आठवडाभर टोपलीत राहिलेल्या मुळ्यासारखं, आणि बोट उचललं की किंचित परत येतं. कुजायला लागलेलं एका अंगानं दबतं, आणि तिथं साल खालच्या गरावरून केसभर सरकते. सरकते म्हणजे दिसत नाही. नखानं खरवडलं तर हिरवं दिसतं, कारण वरची साल अजून जिवंत असते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ते केसभर सरकणं लागायचं. आता लागत नाही. अंगठ्याला फक्त कळतं की काहीतरी गोल आहे.

यात आमच्या तोरणमाळची भर. गोरखचिंच आफ्रिकेतली खरी, पण तिथल्या घनदाट पावसाळी रानातली नव्हे. कोरड्या, मोकळ्या माळांवरची, जिथं वर्षातले निम्मे महिने पाणी नसतं. आमचं पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास. सातपायरीचा घाट चढून धुकं येतं ते पावसाळाभर यशवंत तलावावर बसून राहतं. पिशवीतली माती ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. ती वाळते न वाळते तोच थंडी येते, आणि काही वर्षी पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. या झाडाचं लहान रोप गारठ्याला अजिबात टिकत नाही. म्हणजे ओलं मूळ घेऊन ते थंडीत शिरतं. खाली शहाद्याला, तापीच्या खोऱ्यातल्या उन्हात, हेच रोप कुणीही आरामात वाढवेल. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मग इथं का? गोरखनाथाचं मंदिर इथं आहे म्हणून. महाशिवरात्रीच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातेतून माणूस लोटतो. त्या माणसांनी मंदिरातून बाहेर पडावं, मच्छिंद्रनाथाची गुंफा बघावी आणि मग कुणीतरी त्यांना सांगावं की गोरखचिंच बघायची तर त्या अमक्याच्या वाडीत चला. तो अमका मी व्हावा. याला सेवा म्हणायची माझी हिंमत नाही. जिथं झाडाला यायचं नाही तिथंच ते आणून दाखवायचं, हा हट्ट होता, आणि त्या हट्टाचं कौतुक ऐकायची मला चटक लागली. यात्रेकरू विचारतात, नाथांनी लावलेलं झाड कुठलं? झाड मूळचं आफ्रिकेतलं म्हटलं की माझ्याकडेच संशयानं बघतात. पूर्वी मी वाद घालायचो. आता रोप विकतो.

बियाणं माझं मांडूचं. नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यात गेलं की माळव्याच्या सुलतानांच्या त्या जुन्या राजधानीत ही झाडं वाटेवर, शेतात, पडक्या महालांच्या बाजूला उभी असतात. तिथं त्यांना खुरासानी इमली म्हणतात. 15व्या शतकात सुलतानांच्या काळात आली असं सांगतात. हबशी शिपायांबरोबर, अरब व्यापाऱ्यांबरोबर, ज्याची त्याची गोष्ट वेगळी. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात तर असं दिसलं की भारतातल्या गोरखचिंचा आफ्रिकेच्या एकाच भागातून आलेल्या नाहीत, निरनिराळ्या प्रदेशांतून निरनिराळ्या वेळी आल्या. अजमेरजवळ मांगलियावासला याच झाडाला कल्पवृक्ष म्हणून पुजतात, उत्तर प्रदेशात किंतूरला पारिजात म्हणून. आपल्याकडे वसईला आहे, मुंबईत राणीच्या बागेत आहे. प्रत्येक ठिकाणी ते इथलंच असल्यासारखं वागवलं जातं, आणि मला तेच बरोबर वाटतं.

मांडूत मी फळं भिल्ल बायांकडून घेतो. रस्त्याच्या कडेला मखमली सालीची फळं रचून त्या बसलेल्या असतात. कुठल्या झाडाचा गर गोड, कुठल्याचा तुरट, कुठलं झाड एक वर्षाआड धरतं, हे त्यांना पाठ असतं. माझं सगळं निवडलेलं वाण म्हणजे त्यांच्या बोलण्यावर ठेवलेला विश्वास आहे. 2022 मध्ये धार जिल्ह्यातली काही जुनी झाडं क्रेननं उपटून हैदराबादकडे न्यायला सुरुवात झाली तेव्हा गावकरी आडवे उभे राहिले. मला त्यात नवल वाटलं नाही. शेकडो वर्षांचं झाड मुळं छाटून ट्रेलरवर आडवं घालणाऱ्याला झाड पाहिजे नसतं, वय पाहिजे असतं. वय विकत घेता येत नाही म्हणून तो ते उपटून नेतो.

तसे आमच्या धंद्यातले लोकही काही संत नाहीत. शाल्मलीचं रोप गोरखचिंच म्हणून खपवणारे मी पाहिलेत. पाच पात्यांचं पान दिसलं की गिऱ्हाईक फसतं. आता शहरात कुंडीतल्या गोरखचिंचेची टूम आहे. मूळ मुद्दाम आखूड ठेवून खोड फुगवायचं आणि दिवाणखान्यात ठेवायचं. जाहिरातीत लिहितात, दोन हजार वर्षं जगणारं झाड. जगेल की. मुळाला जागा दे म्हणावं. युरोपनं 2008 मध्ये गराची पूड खाद्य म्हणून मंजूर केल्यापासून मुंबईच्या दुकानांत आफ्रिकेतून आलेल्या पुडीची पाकिटं काजूपेक्षा महाग मिळतात. आणि मांडूची बाई तोच गर कागदात बांधून देते तर माणसं तिच्याशी घासाघीस करतात.

औषध म्हणून मी फार बढाया मारत नाही. गर आंबट, क जीवनसत्त्वानं भरलेला. पाण्यात कोळून उन्हाळ्यात सरबत करतात, तापात देतात, हगवणीत देतात. आफ्रिकेत पानांचीही पूड करून कालवणात घालतात. आमच्या घरी उन्हातून आलेल्याला आधी हे पाणी. गर उकळायचा नाही, नुसता भिजवायचा. आणि तोरणमाळला तो जून लागायच्या आत घट्ट झाकणाच्या बरणीत गेला पाहिजे, नाहीतर हवेतली ओल पिऊन त्याचा तपकिरी गोळा होतो. कर्करोगापासून वंध्यत्वापर्यंत सगळं बरं करतो म्हणून जे विकतात त्यांच्या दारात मी उभा राहत नाही. हगवण थांबवणं हे काही लहान काम नाही.

एक गोष्ट मात्र मी गिऱ्हाइकाला बजावूनच देतो. एकटं रोप न्यायचं नाही. या झाडाला स्वतःचा पराग बहुधा चालत नाही. फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं येतात, दुसऱ्या दिवशी फूल गळून पडतं. जवळपास दुसरं झाड नसेल तर वटवाघूळ आणणार काय? भारतातली कितीतरी गोरखचिंच एकटी उभी आहे आणि लोक तिला वांझ म्हणतात. म्हणून मी दोन वेगळ्या आयांची रोपं जोडीनं देतो. फार्महाऊसवाल्यांना हे पटत नाही. त्यांना फाटकाशी एकच पाहिजे असतं.

आता माझ्या वाडीत कामाला असलेल्या पोरीबद्दल. पावरा आहे, धडगावकडच्या पाड्यावरची. पिशव्या भरायला म्हणून आली. घरी आईबरोबर रानात कंद खणत वाढलेली. पहिल्याच हिवाळ्यात तिनं माझं एक रोप उपटलं, मूळ मोडलं आणि चावून पाहिलं. म्हणाली, "आबा, हे तर खायचं आहे." खायचं आहेच, आफ्रिकेत कोवळी मुळं खातात. पण रोप विकायचं होतं. मी ओरडलो. ती चावत राहिली.

बोटं गेल्यावर मी तिला दाबायला शिकवायला लागलो. तहानेचं असं, कुजलेलं असं. तिनं चार-सहा रोपं दाबली, मग एकाच्या बुडाची माती बोटानं उकरली, वाकली आणि हुंगलं. "हे गेलं," म्हणाली. मूळ काढलं तर गेलेलंच होतं. तेव्हापासून ती हुंगतेच. माती जरा बाजूला करायची, नाक लावायचं, पुढं सरकायचं. माझ्या दुप्पट वेगानं सगळा वाफा बघून होतो.

माझं तिच्याशी यावरून रोज वाजतं. वास येतो म्हणजे कुजणं सुरू होऊन गेलेलं असतं. बोटाला ते आधी कळतं, साल सरकायला लागते तेव्हा वास नसतो. त्या मधल्या दिवसांत रोप वाचवता येतं, वास आल्यावर क्वचितच. ती म्हणते, "तुमचं बोट आधी सांगत होतं, माझं नाही सांगत. माझं नाक सांगतं. मग मी काय करू?" याला उत्तर नाही. मी तिला पुन्हा बोट लावायला लावतो. ती लावते, मला बरं वाटावं म्हणून, आणि मग हुंगते.

तिनं आणखी एक केलं. दिवाळीनंतर सगळ्या पिशव्या माझ्या गोठ्याच्या माळ्यावर, चुलीच्या धुराच्या बाजूला, आडव्या रचल्या आणि पाणी बंद केलं. म्हणाली, कंद असाच ठेवतात. मी म्हणालो, लहान रोपं सुकतील. काही सुकलीही. पण कुजण्यानं जाणारी जवळजवळ थांबली, आणि खाली दव गोठलं त्या आठवड्यात माळ्यावर ऊब होती. हिशेब केला तर तिच्या पद्धतीनं जास्त वाचतात. मी अजून मोठ्यानं तसं म्हटलेलं नाही. माझी तक्रार रोपं वाचण्याबद्दल नाहीच. तिच्या पद्धतीत दाबायला काही उरतच नाही. ज्या प्रश्नावर मी आयुष्य घातलं तो तिनं सोडवला नाही, नुसता बाजूला ठेवला. आणि धंदा चालतोय.

2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या सर्वात जुन्या 13 गोरखचिंचांपैकी 9 झाडं बारा-एक वर्षांत मेली, पूर्ण किंवा त्यांची सर्वात जुनी खोडं कोसळली. झिम्बाब्वेतलं एक तर सुमारे 2450 वर्षांचं होतं. हवामान बदललं हे कारण असावं असं संशोधक म्हणतात. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा काय सुचलं असेल? की त्या झाडांचा बुंधा कुणी दाबून पाहिला होता का. म्हणजे माझा हा खुळेपणा कुठवर गेला आहे बघा.

गिऱ्हाईक आलं की रोप अजूनही मीच उचलतो. डोळे किंचित मिटतो, अंगठा आणि तर्जनी बुडाशी नेतो, दाबतो, मान हलवतो. लोक गप्प होऊन बघतात. आबांच्या बोटाला कळतं, अशी माझी ख्याती आहे आणि ती त्यांनी ऐकलेली असते. मला काहीही कळत नाही. ते रोप पोरीनं सकाळीच हुंगून वेगळं ठेवलेलं असतं. ती मागं उभी राहून हसू दाबते आणि पैसे मोजून घेते. परवा म्हणाली, "आबा, दाबायचे वेगळे पैसे लावा." मी विचार करतोय.