आमेननंतर काय?

आमच्या घरी प्रार्थना म्हणजे बोलणं. मी वाढले अहमदनगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबात. पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं, नाताळच्या दिवसांत कीर्तन आणि रोज रात्री कुटुंबप्रार्थना. तिच्यात आजारी आत्यापासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांची नावं देवापुढे मांडली जात. ज्याची प्रार्थना लांब आणि ओघवती, त्याला मंडळीत मान. 'आमेन' झालं की लगेच पानं वाढायची.

त्यामुळे पुण्यातल्या आमच्या पाळकीणबाईंनी महिला सभेत "रोज दहा मिनिटं देवासमोर नुसतं गप्प बसून बघा" असं सांगितलं, तेव्हा मी न राहवून विचारलं, "बाई, पण गप्प बसून करायचं काय?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. बायका हसल्या. मी पुढच्या सूचनेची वाट पाहत राहिले, पण त्यांनी वही मिटली होती.

पहाटे उठून बसायला लागले. पण डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे? गुडघे टेकायचे की खुर्ची चालेल? डोळे मिटले तर डुलकी लागे, उघडे ठेवले तर पंख्यावरची धूळ दिसे. डब्याची भाजी, संपत आलेला सिलिंडर, धाकट्याची बारावी अशी सगळी यादी रांगेत येऊन उभी राही. ती देवाला सांगावी, तर ते बोलणं झालं. सांगू नये, तर देवासमोर बसून सिलिंडरचा विचार करणं झालं. यातलं कमी वाईट कोणतं, हेही कळेना.

नणंदेनं अँथनी डिमेलो यांचं 'साधना' आणून दिलं. हे मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर. लोणावळ्याची साधना संस्था त्यांचीच. पुस्तकातला पहिलाच पाठ दहा मिनिटं मौनाचा! मौन साधता आलं नाही तरी आत किती गलका चाललाय हे लक्षात येणं, हीच त्यांच्या मते कमाई. मला हायसं वाटलं. तेवढ्यात दीर म्हणाले, "वहिनी, 1998 साली खुद्द व्हॅटिकननं त्यांच्या लिखाणाबद्दल सावध केलंय. आणि आपण प्रोटेस्टंट लोकांनी ते वाचायचं?" हे ऐकून मी आणखीच गोंधळले. श्वासाकडे लक्ष देत स्वस्थ बसले, तर मी देवासमोर आहे की फक्त स्वतःसमोर?

हा प्रश्न घेऊन पुन्हा पाळकीणबाईंकडे गेले. पुस्तक वाचा किंवा वाचू नका, यातलं काहीच त्या बोलल्या नाहीत. "मन रिकामं करायला बसत नाही आपण. कुणासमोर बसलोय ते विसरायचं नाही, एवढंच. भटकलात की येशूचं नाव घ्या आणि परत या. शंभरदा भटकलात तर शंभरदा या." येशूचं नाव असं घेत राहण्याची रीत पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत शतकानुशतकं चालत आली आहे, हे मला नंतर समजलं.

मग पवित्र शास्त्र वेगळ्या नजरेनं वाचू लागले. शांत राहून देवाला ओळखायला सांगणारं 46व्या स्तोत्रातलं वचन आमच्या कॅलेंडरवर निवांत तळ्याच्या चित्राखाली छापलेलं असतं. अख्खं स्तोत्र काढून वाचलं, तर त्यात डोंगर समुद्रात कोसळताहेत, राष्ट्रं खवळलीत, धनुष्यं मोडताहेत. तळं कुठेच नाही! मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटेच्या अंधारात एकांती प्रार्थनेला जातो. तिथे तो काय बोलला, याचा एक शब्दही मार्क लिहीत नाही. लिहितो ते एवढंच, की शिमोन आणि सोबतचे लोक त्याला हुडकत तिथेही पोचले. कुकरच्या शिट्टीवर चिडणं मी त्या दिवसापासून जरा कमी केलं.

सर्वांत जास्त अडले ते 131व्या स्तोत्राशी. तीनच ओव्यांचं हे स्तोत्र. त्यात आईपाशी असलेलं, दूध तुटलेलं मूल आहे. अंगावर पिणारं बाळ आईला बिलगतं ते भुकेनं. याला आता ती भूक नाही, तरी ते तिच्याजवळच आहे. माझी आजवरची प्रार्थना त्या भुकेल्या बाळाची होती. त्यात वाईट काहीच नाही, बाळानं रडावंच. पण मागायचं संपल्यावरही तिथे बसून राहता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि तिथे बसलं की एक भीती वर येते. मी नाव घेतलं नाही तर ते माणूस देवाकडून राहून जाईल, अशी. आत्याचं दुखणं, धाकट्याचा पेपर, सगळं जणू माझ्या आठवणीवर टांगलेलं! गप्प बसणं अवघड जातं ते मन भटकतं म्हणून नव्हे, तर न सांगितलेलंही देवाला ठाऊक आहे यावर माझा पुरता भरवसा नाही म्हणून. तोंडानं तर मी ते लहानपणापासून म्हणत आलेय.

मी करते ती प्रार्थना आहे की नुसतं बसणं, हे आजही ठामपणे सांगता येणार नाही. काही सकाळी सिलिंडरच जिंकतो. धाकट्याची बारावी मी अजूनही देवाच्या कानावर घालतेच. फक्त आता एकदाच घालते.