रेषेचं माहेर

इमारतीचा फोटो काढताना मी आधी इमारत बाजूला सारते. नावाची पाटी, फाटक, उभ्या गाड्या, वरचं आभाळ, खालचा रस्ता असं एकेक चौकटीबाहेर गेलं की थोडंसंच उरतं. छज्ज्याची कड. तिची भिंतीवर उतरलेली तिरपी सावली. दोन खिडक्यांमधला कोरा चौकोन. कुणाची इमारत, कशाची इमारत, काही कळत नाही. कळतो तो फक्त कोन आणि त्या कोनात अडकलेला उजेड. नागपूरच्या रस्त्यांवर कोवळ्या उन्हात हे उरलेलं शोधत फिरणं हे माझं कित्येक वर्षांचं सुख आहे.

माझं गाव बालाघाट जिल्ह्यातलं उकवा. बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता भरवेली आणि गांगुलपारा मागे टाकून घाट चढतो आणि वरच्या पठारावर सालाच्या जंगलात आमची मँगनीजची खदान लागते. तिथून पुढे बैहर, मुक्की आणि कान्हाचं अरण्य. गावाकडची माणसं मला नेहमी विचारतात की घराशेजारी एवढं रान असताना पोरगी शहरातल्या सिमेंटचे फोटो का काढते? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर खदानीतच आहे, असं मला अलीकडे पक्कं वाटायला लागलं आहे.

सरळ रेषा मी पहिल्यांदा पाहिल्या त्या खदानीच्या. रूळ, क्वार्टरांच्या ओळी, मोजून रचलेले काळ्या मँगनीजचे चट्टे. पण भूमिती आमच्या भागात खदानीच्याही आधीपासून होती. गोंडांच्या घरांच्या भिंतींवर आणि अंगणात ढिगना नावाची नक्षी काढतात, तीत त्रिकोण आणि चौकोन एकमेकांना धरून चालतात. बैगा बायकांच्या कपाळावर, हातापायांवर गोंदलेल्या रेघा आणि ठिपके इतके नेमके असतात की पट्टी लावून काढल्यासारखे वाटावेत. शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावात 1922 साली चित्रकार सैयद हैदर रझा जन्मले. वर्गात लक्ष लागत नाही म्हणून त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यांना त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं होतं. पुढे रझा नागपूरच्या आणि मग मुंबईच्या कलाशाळेत गेले, तिथून पॅरिसला. तो ठिपका मात्र त्यांच्या चित्रांत बिंदू होऊन अखेरपर्यंत राहिला. रान अमूर्ताच्या आड येत नाही, याची याहून मोठी साक्ष मला नको.

आता त्या काळ्या दगडाविषयी. आमच्या भागातल्या मँगनीजचा कारभार 1896 मध्ये एका ब्रिटिश सिंडिकेटनं सुरू केला. 1962 मध्ये मॉयल ही सरकारी खाणकंपनी अस्तित्वात आली आणि तिचं मुख्यालय नागपुरात काटोल रोडवर आहे. हा दगड ट्रकांत भरून कुठे जातो, असं लहानपणी विचारलं की बाबा म्हणत, "लोखंडवाल्यांकडे." मोठेपणी वाचलं तेव्हा त्या एका शब्दामागचं कळलं. 1856 मध्ये बेसेमर या इंग्रज संशोधकानं झटपट पोलाद करण्याची रीत जाहीर केली, पण तिचं पोलाद ठिसूळ निघायचं. धातुतज्ज्ञ रॉबर्ट मुशेटनं त्यात मँगनीज मिसळलं. मँगनीजनं गंधक आणि प्राणवायू स्वतःकडे ओढून घेतले आणि पोलाद चिवट झालं. आजही जगात निघणाऱ्या मँगनीजचा नऊ-दशांश वाटा लोखंड-पोलादातच जातो. आपल्या बांधकामाच्या सळईतही ते असतं, शंभर किलोमागे साधारण किलोभर.

या किलोभरावर माझं सगळं फोटोचं वेड उभं आहे. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताण सळई घेते. भिंतीतून बाहेर आलेला, खाली कसलाही टेकू नसलेला छज्जा तुटून पडत नाही तो सळईमुळे, आणि त्यातली मुख्य सळई वरच्या अंगाला असते, कारण तिथे ताण वरच्या बाजूला येतो. ती चुकून खाली बसली तर छज्जा कोसळतो. सेंटरिंगवाल्याला आणि सळई बांधणाऱ्याला हे तोंडपाठ असतं. म्हणजे मी जी रेघ टिपते तिच्या आत दुसरी एक रेघ आहे, जी कधीच दिसत नाही आणि जिच्या जोरावर दिसणारी रेघ अधांतरी राहते. ते मँगनीज उकव्याचंच असेल असं मी म्हणत नाही. पण अशाच कुठल्या तरी डोंगराच्या पोटातून, कुणाच्या तरी पाळीतून ते वर आलेलं असतं.

अशा अधांतराचा मोठा नमुना मुंबईत आहे: कंबाला हिलवरचं वास्तुकार चार्ल्स कोरियांचं कांचनजंगा. 1983 मध्ये पुरा झालेला, 84 मीटर उंचीचा, 21 मीटर बाजूचा चौरस मनोरा. त्याचे कोपरे जागोजागी कापून दोन-दोन मजली उंचीच्या गच्च्या काढल्या आहेत. मुंबईत वाऱ्यासाठी इमारतीचं तोंड पूर्व-पश्चिम हवं, पण ऊन आणि पावसाचा मारा नको, म्हणून हे कोपरे आत घेतले. खालून पाहिलं की भरलेल्या चौकोनाशेजारी रिकामा चौकोन, त्याच्यावर पुन्हा भरलेला. या मनोऱ्याचा पूर्ण फोटो मला कधीच भावला नाही. एक कोपरा लांब लेन्सनं जवळ ओढला, की मात्र रिकामपणालाही वजन असतं हे डोळ्यांना पटतं. जिथे कोपरा असायला हवा नेमका तिथेच तो नाही आणि तरी वरचे मजले शांत उभे आहेत!

काचेच्या इमारती मला तेवढ्या आवडत नाहीत. त्यांचे फोटो फार सहज येतात, आणि त्यांत समोरच्या आभाळाखेरीज काही नसतं. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे अंगावर राहिलेलं उघडं काँक्रीट मला प्रिय आहे. पावसाचा ओघळ, गंजाचा डाग हेही मी पुसत नाही. संगणकावर भिंत धुऊन काढणारे छायाचित्रकार पुष्कळ आहेत. त्यांची भिंत मग कुठलीच राहत नाही.

उन्हाचंही असंच आहे, तेही त्या त्या जागेचं असतं. आमच्या अक्षांशावर डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य साधारण 45 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर एक मीटर छज्ज्याची सावली जवळजवळ एक मीटरच उतरते. छज्जा आणि त्याची सावली जोडीनं मावतील अशी चौकट तेव्हा मिळते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला आणि त्यानंतर काही दिवसांनी उकव्याला सूर्य थेट डोक्यावर येतो. मग छज्ज्याची सावली भिंतीवरून पार खालपर्यंत ओघळते आणि उभ्या खांबाला सावलीच राहत नाही. त्या दुपारी बाहेर पडायला घरचे सोडत नाहीत. मी तरीही जाते.

किहीमच्या किनाऱ्यावर 1990 मध्ये देह ठेवणाऱ्या चित्रकार नसरीन मोहमदी यांनी असे रेषा-सावल्यांचे फोटो आयुष्यभर काढले. फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, रस्त्यावरचे पट्टे, मागावरचे ताणलेले धागे. त्या बडोद्याला शिकवत आणि कागदावर पेन्सिल-शाईनं रेघा ओढत. फोटो मात्र त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. त्या छायाचित्रांपुढे मला नेहमी दबून जायला होतं. इतकं सगळं सोडून देऊनही त्यांत जागेचा श्वास राहिला आहे.

एकदा नागपुरात अर्धवट बांधकामासमोर थांबले होते. वरच्या स्लॅबमधून सळया आभाळाकडे निघालेल्या आणि खाली मातीवर त्यांच्या सावल्यांची जाळी. सळई बांधणारा एक जण खाली उतरून आला. "काहाचा फोटो काढून राहिल्या, ताई? इथं तर अजून काहीच नाई." मी पडद्यावर दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे त आमचं काम हाय." बोलता बोलता कळलं, तो बैहरकडचा. आमच्या जिल्ह्यातले कितीतरी जण नागपूरच्या बांधकामांवर येतात. दगडही तिकडे निघतो आणि तसलाच दगड पोटात घेतलेल्या सळईला तार बांधणारा हातही तिकडचाच, हे त्या दिवशी माझ्यासमोर उभं होतं. स्लॅब पडला की त्याचं काम काँक्रीटमध्ये कायमचं झाकलं जाणार होतं. मी त्याला त्या फोटोची प्रत दिली.

आणि काँक्रीटही कायमचं नसतं. दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन 1972 मध्ये उभं राहिलं. राज रेवल यांची रचना, महेंद्र राज यांचं अभियांत्रिकी गणित. पोलादाचा सांगाडा परवडणारा नव्हता म्हणून हातानं ओतलेल्या काँक्रीटच्या दांड्या त्रिकोणात गुंफून ते भलंमोठं दालन खांबांशिवाय उभं केलं होतं. एप्रिल 2017 मध्ये ते पाडलं. आता ते त्रिकोण पाहायचे तर मदन महत्ता यांच्या कृष्णधवल छायाचित्रांत पाहावे लागतात.

आपल्या गावांतही साठ-सत्तरच्या दशकातली बसस्थानकं, पाण्याच्या टाक्या, शाळा, टपाल कचेऱ्या आहेत. त्यांच्या जाळीच्या भिंती, वळणदार जिने आणि पातळ छज्जे एकेक करून पाडले जात आहेत, आणि त्यांची यादी कुणाकडे नाही. तुमच्या हातात फोन आहे. त्यातला एखादा कोपरा, एखादी सावली टिपून ठेवा. फोटोखाली गाव आणि तारीख लिहा, आणि विचारून कळलं तर तो छज्जा ओतणाऱ्या मिस्त्रीचं नावही लिहा.