लिस्बनची दैनंदिनी : दप्तराच्या टेकडीवर

दिवस नववा व अखेरचा, शनिवार

आज काहीही पाहावयाचे नाही, असा ठराव काल रात्री उभयतांच्या संमतीने मंजूर झालेला असल्यामुळे, आणि जी पाहिल्यावाचून परत फिरणे प्रवाशास गैर समजले जाते ती बेलेंचा मनोरा, जेरोनिमुशचा मठ, त्या मठातील वास्को द गामाची समाधी इत्यादी स्थळे गेल्या आठ दिवसांत रीतसर पाहून झालेली असल्यामुळे, ग्रासाच्या टेकडीवरील आमच्या भाड्याच्या खोलीत सकाळचे आठ वाजून गेले तरी कोणी कोणाला उठविले नाही. बोरिवलीहून आणलेल्या चिवड्याचा तळाशी उरलेला चुरा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला ऊन पाव, ज्याला येथे ‘पाँव’ म्हणतात आणि ज्याचा अनुस्वार आमच्याकडे येताना समुद्रात कोठे तरी सांडला, एवढ्यावर न्याहारी आटोपली.

लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे, असे पुस्तके सांगतात. आमच्या गुडघ्यांच्या हिशेबी हा आकडा सतराच्या खाली येत नाही. टेकडी ही आम्हां उपनगरवासीयांस अपरिचित वस्तू नव्हे. परंतु कान्हेरीची टेकडी शहराच्या कडेला, अरण्यात. आणि अंधेरीची गिल्बर्ट टेकडी इमारतींच्या गराड्यात काळ्या पाषाणाच्या उभ्या ठोकळ्यासारखी, गावदेवीला माथ्यावर घेऊन अलिप्त उभी. येथे तसे नाही. येथे टेकडी हाच रस्ता, टेकडी हाच जिना आणि टेकडी हेच अंगण. आणि तीवर बसविलेले चुनखडीचे पांढरे व अधूनमधून काळे चौकोनी दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायपिटीने इतके गुळगुळीत झालेले, की उताराला लागलेल्या वृद्धाने भिंतीचा आश्रय केव्हाही सोडू नये.

ठराव मोडण्याचे पाप माझे. साँव जॉर्जच्या किल्ल्यात एक बुरूज राहून गेला होता.

‘‘अहो, आज काही बघायचं नाही, असं ठरलं होतं ना?’’

‘‘बघायचं नाही गं, नुसतं उभं राहायचं.’’

हा किल्ला ११४७ साली आफोन्सो एन्रिकेस राजाने मूर लोकांपासून घेतला, तेव्हापासूनचा त्याचा इतिहास मार्गदर्शक मंडळी उत्तम सांगतात, सबब येथे त्याची पुनरुक्ती नको. आत शिरताच पाइनच्या फांद्यांवर मोर बसलेले दिसले. इतक्या दूर येऊन मोरच बघायचे होते तर नॅशनल पार्कात रिक्षाने गेलो असतो, असा शेरा सौभाग्यवतींनी मारला. पण तो मारताना त्यांनी पर्समधला चिवडा मोराला दाखविला, हेही नमूद करणे प्राप्त आहे. मोराने मान फिरविली.

मला उभे राहावयाचे होते ते युलिसिसच्या बुरुजात, ज्याचे पूर्वीचे नाव ‘तोर्रे दो तोंबो’. तोंबो म्हणजे जमीन-महसुलाची नोंदवही. आमच्या परिभाषेत बोलायचे तर जमाबंदीचे दप्तर. १३७८ पासून पोर्तुगालच्या राजदरबाराचे दप्तर या किल्ल्याच्या बुरुजात असे, आणि आज ते विद्यापीठाच्या आवारातील नव्या इमारतीत गेले असले तरी नाव मात्र बुरुजाचेच चालले आहे. सारी नोकरी मोजणी खात्यात, साखळी, फेरफार आणि मिळकतपत्रिका यांत घालविलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास काशीतही जी उत्कंठा वाटली नव्हती ती येथे वाटली, हे सांगावयास संकोच कशाला? ज्या सरकारास आमच्या साष्टीचा महसूल, १५३४ च्या वसईच्या तहापासून चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत, सुमारे दोनशे वर्षे जात होता, त्या सरकारच्या दप्तरखान्यात मी रयतेचा मनुष्य उभा होतो. सिमाँव बोतेल्योने १५५४ साली हिंदुस्थानातील पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाचा जो तोंबो सिद्ध केला, त्यात वसईकडच्या मुलखाच्या वसुलाचाही हिशेब आहे. आणि त्याच वर्षीच्या आंतोनियो नूनिसच्या वजनमापांच्या पुस्तकात वसईच्या ‘बाते’चा, म्हणजे आपल्या भाताचा, ‘मुरा’, म्हणजे आपला मुडा, तीन खंडींचा नोंदलेला आहे. पाव त्यांनी दिला खरा, पण भात, मुडा आणि खंडी हे शब्द त्यांच्या कारकुनाने आमच्या खळ्यावरूनच उचलले.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाचा दिवस. सकाळी लोक चर्चमध्ये असताना धरणी हादरली, मागाहून नदीतून समुद्र चढला, आणि उरलेले शहर आगीने खाल्ले. हा बुरूजही कोसळला. दप्तराचा मुख्य अधिकारी होता मानुएल दा माया. वय वर्षे ७८. पेशाने लष्करी इंजिनियर. त्याने ढिगाऱ्याखालून कागद उपसून काढविले, किल्ल्याच्या मैदानात लाकडी छपरी उभारून त्यांत ते ठेवले, आणि दोन वर्षांनी साँव बेंतोच्या मठात हलविले. आमच्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यानंतरच्या आठवड्यात उपनगरातील एका कचेरीत आम्ही पाचसहा जणांनी भिजलेले नकाशे खिडकीच्या गजांना दोऱ्या बांधून वाळत घातले होते. कापडावर चिकटविलेला नकाशा ओला झाला की कागद सुटतो, कापड राहते. आणि गावाची हद्द बोटाला चिकटून येते. तो चिकटा आज या बुरुजात पुन्हा बोटाला जाणवला.

बुरुजात आता कागद नाहीत. एका अंधाऱ्या खोलीत भिंगे आणि आरसे बसवून बाहेरच्या नगरीचे प्रतिबिंब मध्यावरच्या खोलगट पांढऱ्या तबकडीवर पाडतात. मार्गदर्शक तरुणीने दोरी ओढली, आणि तांबडी छपरे, नदी, पूल, सर्व काही आमच्यासमोर परातीत वाढल्यासारखे फिरू लागले. आल्फामातील एका गच्चीवर कोणी बाई चादर वाळत घालीत होती. वाऱ्याने चादर फुगली, बाईने दातात धरलेला चिमटा काढून दोरीला लावला, आणि यातले काहीही ऐकू आले नाही. जन्मभर मी मोजलेला एकही नकाशा असा हलला नव्हता.

उतरताना गुडघ्यांवर दया करून पालिकेच्या फुकट उद्वाहकाने गेलो. बाजाराच्या इमारतीतून एक आणि पुढे एका साध्या घरातून दुसरा, असे दोन पाळणे मनुष्यास किल्ल्याच्या पायथ्यापासून फांकेइरोस रस्त्यावर आणून सोडतात. ज्येष्ठ वाचकांनी हे टिपून ठेवावे. फांकेइरोस म्हणजे कापडवाले. शेजारी सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. आपल्या झवेरी बाजार, तांबाकाट्याच्या धाटणीचा हा सरळ रेषेतला सराफा भूकंपानंतर मार्किस द पोंबालच्या अमलात वसला. जुन्या जागांची मोजणी पुरी होईतो कोणीही बांधकाम करू नये, असा हुकूम तेव्हा निघाला होता. पोंबालच्या हडेलहप्पीविषयी मी बरेच वाचले आहे. पण त्या एका हुकुमाखातर मी त्याला अर्धे गुन्हे माफ करावयास तयार आहे.

पुढला प्रहर काही न करता गेला. ‘बिका’ नावाची बोटभर कॉफी उभ्याउभ्या घेतली. अठ्ठावीस क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामने परत चढलो. दादर सहाची लोकल ज्यांना पाठ आहे त्यांनी या ट्रामच्या गर्दीचा बाऊ करू नये.

सूर्यास्ताला सांता लुझियाच्या गच्चीवर बसलो. बोगनवेलीखाली, चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांत भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक चितारला आहे, आणि समोर खरी नदी. आमच्या बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या लेण्यात फ्रान्सिस्कनांनी शैव शिल्पपट खोदून जो क्रूस काढला, तो मी लहानपणापासून पाहतो आहे. जवळच नटराज अद्याप नाचतोच आहे. त्या क्रुसाविषयी लिस्बनला कोणाला तरी जाब विचारायचा, असे मनात योजूनच मी मुंबईहून निघालो होतो. नऊ दिवसांत विचारावा असा कोणी भेटला नाही. बाकावर शेजारी बसलेल्या दोन पेन्शनरांचे पत्त्यांत कोण चुकला यावर भांडण चालले होते, एवढे भाषेवाचूनही कळत होते.

रात्री सामान बांधले. पहाटे पाचला टॅक्सी. घरमालकीण बाई निरोप घ्यावयास जिना चढून आल्या; इंग्रजी त्यांना येत नाही आणि आम्हांला पोर्तुगीज. सौभाग्यवती आतून पिशवीचे बंद आवळीत, मला उद्देशून, मराठीतच म्हणाल्या, ‘‘अहो, चावी कुठं ठेवायची ते विचारा ना त्यांना.’’

मी काही विचारण्यापूर्वीच बाईंनी दारामागच्या खिळ्याकडे बोट दाखविले.